हातोरीला नावे ठेवू नका

"त्या निन्जा हातोरीमुळे पोरं मराठी विसरली," ही ओरड आपल्या नातेवाईकांत फार. मंडळी, मला हे अजिबात पटत नाही! मूळ मालिका १९८१ची, जपानी. तिची नवी मालिका २०१२-१३च्या सुमारास शिन-एईने आपल्याकडच्या रिलायन्स मीडियावर्क्सबरोबर काढली. म्हणजे कसब इथेही आहे. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे का मागे पडला? २०१७ साली चित्रपट आला, तोही मोठ्या झालेल्या बन्याचा. पोरांचा बन्या कुठाय?

आमच्या वळला गोदामेच गोदामे. जागा आमची, माल दुसऱ्याचा. गोष्टींचंही तेच करायचं का? आधी नातवंडांना रोज रात्री एक मराठी गोष्ट वाचून दाखवा, मग खुशाल हातोरीला शिव्या द्या.