हीट पंप किती बसले, आणि कोणाच्या घरात?

नोव्हेंबर 2020 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी घोषणा केली होती: 2028 पर्यंत दरवर्षी 6 लाख हीट पंप बसवू. हीट पंप म्हणजे फ्रिजच्या तत्त्वावर, पण उलट्या दिशेने चालणारे यंत्र. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून ते घरात सोडते. तिथली बहुतेक घरे आजही गॅसच्या बॉयलरवर तापतात, त्यामुळे कार्बन कमी करायचा तर बॉयलर बदलणे आले.

मग काम किती झाले? 2024 मध्ये सुमारे 98 हजार. आधीच्या वर्षापेक्षा ही वाढ 56 टक्के आहे, आणि सरकारने ती मिरवलीही. पण हा आकडा उद्दिष्टाच्या सहाव्या हिश्श्याएवढा आहे आणि हीट पंप असलेली घरे एकूण घरांच्या एक टक्क्याच्या आसपासच आहेत. आता 2026 च्या जानेवारीत आलेल्या नव्या आराखड्यात 2030 पर्यंत वर्षाला साडेचार लाखांची भाषा आहे. म्हणजे आकडा कमी झाला आणि मुदत वाढली.

घरकुलाच्या कामात आम्ही 'मंजूर' आणि 'पूर्ण' हे दोन रकाने नेहमी शेजारी ठेवून वाचतो. ब्रिटनमध्ये ही सोय आहे, हे मान्य करायला हवे. तिथे अर्ज किती आले, व्हाउचर किती दिले, काम होऊन पैसे किती जणांचे चुकते झाले, हे दर महिन्याला प्रसिद्ध होते. म्हणूनच तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाला 2024 मध्ये स्पष्ट सांगता आले, की डिसेंबर 2023 पर्यंत अनुदान योजनेतून 50 हजार पंप अपेक्षित होते आणि बसले 18,900.

माझा आक्षेप पुढचा आहे. या मासिक तक्त्यांत प्रदेश आहे, आधीचे इंधन आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाचा रकाना नाही. 7,500 पौंडांचे अनुदान घरमालकाला मिळते आणि वरचा खर्च त्याने करायचा. इंग्लंडमधली साधारण एक तृतीयांश कुटुंबे भाड्याने राहतात. बॉयलर बदलायचा की नाही हे त्यांच्या हातात नसते, आणि सामाजिक गृहनिर्माणातली घरे तर या योजनेत बसतच नाहीत. कृष्णवर्णीय आफ्रिकी कुटुंबांत स्वतःचे घर असणारे गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा कितीतरी कमी आहेत. मग हा सार्वजनिक पैसा कोणाकडे जातो? जातनिहाय जनगणना मागणाऱ्या आपल्या वाचकांना हा प्रश्न नवा वाटणार नाही.

गरिबांसाठी वेगळ्या योजना होत्या, असे उत्तर मिळते. होत्या. त्यांतून घरांना बाहेरून उष्णतारोधक आवरण चढवले गेले. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले, की अशा घरांपैकी 98 टक्के घरांत दोष आहेत आणि ते दुरुस्त करावे लागतील. नीट न बसवलेल्या आवरणामागे ओल धरते, बुरशी येते. सरकारी तक्त्यात मात्र ही घरे 'काम पूर्ण' म्हणूनच मोजली गेली होती. पुढच्याच महिन्यातल्या अर्थसंकल्पात ही योजना गुंडाळण्याची घोषणा झाली.

नव्या आराखड्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वेगळा सरकारी निधी आहे. त्यातून बसणारा प्रत्येक पंप मोजला जाईलच. वर्षभराने त्या घरात जाऊन खोली किती तापते आणि विजेचे बिल किती येते, हे कोणी विचारणार आहे का? तिथे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग आहे. बिल परवडले नाही, तर भिंतीवर यंत्र असूनही माणूस थंडीतच बसेल.