विश्लेषण : ‘परफॉर्मन्स कॅम’ बसवल्यावर बाइकचे कॉम्प्रेशन का घटते?

वेग वाढवण्यासाठी अनेक हौशी चालक बाइकच्या इंजिनात ‘परफॉर्मन्स कॅम’ बसवून घेतात. त्यानंतर गेजवर कॉम्प्रेशन कमी दिसले, की ‘रिंग गेल्या’ असा निष्कर्ष काढून बोअर-पिस्टनचा खर्च सुरू होतो. पण अनेकदा रिंग शाबूत असतात. बदललेली असते ती व्हॉल्व्ह बंद होण्याची वेळ.

कॅमचा कॉम्प्रेशनशी संबंध काय?

इंजिनाच्या माहितीपत्रकात ९.५:१ असे कॉम्प्रेशन गुणोत्तर दिलेले असते. त्यात पिस्टनचा तळापासून वरपर्यंतचा पूर्ण प्रवास धरलेला असतो. प्रत्यक्षात पिस्टन तळाला जाऊन वर येऊ लागला तरी इनलेट व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. तो बंद होईपर्यंत खरा दाब तयार होत नाही. व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, हे कॅमशाफ्टवरील उंचवट्याचा आकार ठरवतो.

फरक किती पडतो?

उदाहरणादाखल ३५० सीसीचे, ९.५:१ गुणोत्तराचे सिंगल सिलिंडर इंजिन घेऊ. पिस्टन तळाला गेल्यानंतर क्रँक ६० अंश फिरल्यावर इनलेट व्हॉल्व्ह मिटत असेल, तर पिस्टनचा सुमारे ८० टक्के प्रवासच उपयोगी पडतो आणि प्रभावी गुणोत्तर ७.८ च्या आसपास येते. नव्या कॅममुळे तोच व्हॉल्व्ह ७५ अंशांवर मिटू लागला, तर ते साधारण ६.९ वर उतरते. पिस्टन, रिंग, हेड यांपैकी काहीही न बदलता हा फरक पडतो.

मग असा कॅम बसवतात कशासाठी?

कमी आरपीएमला उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून काही मिश्रण परत इनटेकमध्ये ढकलले जाते. त्यामुळे शहरातल्या रहदारीत बाइक मलूल वाटते. जास्त आरपीएमला मात्र आत येणाऱ्या हवेला इतका वेग असतो, की पिस्टन वर येत असतानाही ती सिलिंडरमध्ये शिरत राहते. तिथे ताकद वाढते. म्हणूनच रेसिंग इंजिनात लांब कॅमबरोबर जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन वापरतात. पुढे तोच पिस्टन ठेवून मूळ कॅम परत बसवला, तर दाब प्रमाणाबाहेर वाढतो, नॉकिंग सुरू होते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

चेनचा एक दात चुकला तर?

कॅम स्प्रॉकेटला ३४ दात असतील, तर एक दात म्हणजे कॅमचे सुमारे १०.६ अंश. क्रँक दुप्पट फिरत असल्याने त्याचे २१ अंश होतात. कॅम मागे पडला तर गेजवरचे कॉम्प्रेशन घटते, पुढे गेला तर वाढते. चूक मोठी असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. ताणलेली टायमिंग चेनही कॅमला थोडे मागेच टाकते.

खरा दोष कसा ओळखायचा?

आधी टायमिंगच्या खुणा आणि टॅपेटची फट तपासावी. गेज लावताना थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. अनेक इंजिनांत स्टार्टिंग सोपे व्हावे म्हणून डीकॉम्प्रेसर असतो, त्यामुळेही आकडा कमी येतो. खात्रीचा उपाय म्हणजे लीक-डाउन चाचणी. यात दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजतात. गळती नसेल, तर रिंगांना दोष देण्यात अर्थ नाही.

कायदा काय सांगतो?

नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. बोअर वाढवून सीसी बदलणे त्यात सरळ येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कॅम बाहेरून दिसत नाही, हे खरे. पण लांब कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात, न जळलेले इंधन धुरात जाते आणि पीयूसी चाचणीत बाइक अडकू शकते.