चौकटीबाहेर राहिलेले हात

१० मे १८६९ रोजी अमेरिकेतील युटा प्रदेशात, प्रॉमॉन्टरी समिट नावाच्या उजाड माळावर, पूर्वेकडून आलेला आणि पश्चिमेकडून आलेला असे दोन लोहमार्ग एकमेकांस मिळाले. समोरासमोर उभी असलेली दोन इंजिने, त्यांच्यावर चढलेले लोक, पुढे केलेल्या मद्याच्या बाटल्या आणि मध्यभागी हस्तांदोलन करणारे दोन्ही कंपन्यांचे मुख्य अभियंते असे हे दृश्य अँड्र्यू जे. रसेल यांनी त्या दिवशी टिपले. या आणि अशाच इतर छायाचित्रांच्या उंची कागदावर काढलेल्या मोठ्या प्रती आज कलावस्तू म्हणून विकल्या जातात, भिंतींवर मानाने विराजमान होतात. जुनी छायाचित्रे लोकांपर्यंत पोचावीत यात वावगे काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की, भिंतीवर चित्र चढते तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा इतिहासही चढतो काय?

छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी आपली एक भाबडी समजूत असते. त्या काळची पद्धतच तिला छेद देणारी होती. काचेवर रसायनाचा थर द्यावयाचा, तो ओला असेतो छायाचित्र घ्यावयाचे आणि जागेवरच, काळोख्या तंबूत, ते प्रकट करावयाचे, असा तो खटाटोप असे. हलत्या वस्तू त्यात पुसट होत. साहजिकच सुरुंग, घाव आणि धावपळ यांऐवजी स्तब्ध उभी राहिलेली माणसेच काचेवर उमटत. शिवाय रसेल हे युनियन पॅसिफिक कंपनीसाठी काम करीत होते. कंपनीचा पराक्रम जगाला दिसावा, हा त्या कामामागील उघड हेतू होता.

त्या सुप्रसिद्ध चित्रात चिनी चेहरा शोधूनही ओळखता येत नाही. वस्तुतः पश्चिमेकडून मार्ग आणणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीच्या मजुरांपैकी सुमारे नऊ-दशांश चिनी होते. सिएरा नेवाडाचा कठीण खडक फोडून, बर्फात राहून, बोगदे खणले ते त्यांनी. जून १८६७ मध्ये वाढीव वेतनासाठी आणि कामाचे तास कमी व्हावेत म्हणून हजारो चिनी मजुरांनी शांततेने संप केला, तेव्हा कंपनीने त्यांची रसद तोडून तो मोडून काढला. २८ एप्रिल १८६९ रोजी एका दिवसात दहा मैल रूळ टाकण्याचा विक्रम झाला. त्या दिवशी रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश कामगारांची नावे इतिहासाने जपून ठेवली. त्याच दिवशी राबलेल्या चिनी मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. पुढे १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. तो कायदा रद्द होण्यास १९४३ साल उजाडावे लागले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. अखेरचा रूळ बसविणाऱ्या चिनी मजुरांचेही छायाचित्र रसेल यांनी त्याच दिवशी घेतले होते. म्हणजे पुरावा नव्हता असे नाही. कोणते चित्र पुन्हा पुन्हा छापावयाचे आणि कोणते पेटीत ठेवावयाचे, ही निवड पुढच्या पिढ्यांनी केली. दोष कॅमेऱ्याचा कमी आणि आपल्या आवडीचा अधिक आहे, असेच म्हणावे लागेल.

वसाहतकारांच्या चित्रांचीही हीच कथा आहे. १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन मिळण्याची सोय झाल्यावर कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिमेकडे निघाली. नेब्रास्कात सॉलोमन बुचर यांनी १८८६ पासून अशा कुटुंबांची छायाचित्रे काढली. एका गृहिणीला आपले गवताळ ढेकळांचे घर चित्रात येऊ नये असे वाटत होते, पण नवी बाजाची पेटी मात्र यावी अशी तिची हौस होती. तेव्हा ती जड पेटी अंगणात आणून तिच्याभोवती सारे कुटुंब उभे राहिले. हे कळले की चित्राची गोडी उणावत नाही, उलट वाढते. त्यातील माणसे आपली वाटू लागतात. तथापि ज्या मोकळ्या माळावर ती उभी आहेत, तो मोकळा नव्हता. पॉनी, लाकोटा, शायान आदी जमातींची ती भूमी होती, हे चित्र आपणहून सांगत नाही.

आपणांस हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. त्याच सुमारास, १८५६ ते १८६३ या काळात, आपला बोरघाट रेल्वेसाठी फोडला जात होता. १८६१ मध्ये तेथे बेचाळीस हजारांहून अधिक माणसे एकाच वेळी राबत होती. खंडाळ्याचे बोगदे पाहून आपण इंग्रज अभियंत्यांचे कौतुक करतो, पण त्या बेचाळीस हजारांतील एकाचे तरी नाव आपण सांगू शकतो काय?

२०१४ मध्ये कॉर्की ली या चिनी-अमेरिकन छायाचित्रकाराने प्रॉमॉन्टरीच्या त्याच जागी चिनी वंशाच्या अमेरिकनांना एकत्र उभे करून नवे छायाचित्र घेतले. त्यांत त्या मजुरांचे वंशजही होते. जुने चित्र फाडून टाकण्यापेक्षा त्याच्या शेजारी दुसरे लावणे, हा अधिक सुसंस्कृत मार्ग होय.

म्हणूनच अशा प्रती विकणाऱ्यांकडून आणि लावणाऱ्यांकडून एक माफक अपेक्षा आहे. चित्राखाली चार ओळी असाव्यात: ते केव्हा काढले, कोणासाठी काढले, त्यात कोण आहे आणि कोण असावयास हवे होते. शिक्षकांनीही इतिहासाच्या पुस्तकातील चित्र दाखविताना ‘यात काय दिसते?’ या प्रश्नावर न थांबता ‘यात कोण दिसत नाही?’ हेही विचारावे. चौकट सुंदर असावी, याबद्दल कोणाचे दुमत नाही. मात्र ज्यांच्या हातांनी रूळ बसविले, ते त्या चौकटीबाहेर राहू नयेत.