फोनवरचा फुकट मेकॅनिक

नामपूरसारख्या बाजाराच्या गावात एखादा पोरगा कॉम्प्युटर दुरुस्त करतो असे कळले, की त्याचा मोबाइल नंबर त्याच्या मालकीचा राहत नाही. कांदा व्यापाऱ्याच्या मुनिमाकडून तो नंबर अडत्याकडे जातो, अडत्याकडून शाळेच्या क्लार्ककडे, क्लार्ककडून त्याच्या साडूकडे. मग एखाद्या दुपारी, भाकरीचा तुकडा तोंडात असताना, ताहाराबादकडून की मालेगावकडून कोण जाणे, फोन येतो. ‘भाऊ, आमना कॉम्प्युटर चालूच व्हत नई, जराखा सांगा ना काय करू.’ नाव नाही, गाव नाही, नंबर कुणी दिला त्याचाही पत्ता नाही. एक मिनिटाचे बोलणे पाऊण तास चालते. पैशाचा विषय निघत नाही, आणि याने काढलाच तर उत्तर तयार असते: ‘दोन शब्द सांगायचे काय पैसे?’

वाचकहो, या दोन शब्दांचा हिशेब एकदा मांडून बघू. आपल्यापैकी अनेकांनी असा फोन कधी ना कधी केलेला असतो, आणि ज्यांच्या घरात असे जाणते पोर आहे त्यांनी तो वाजतानाही ऐकला असेल.

फोनला पैसे पडत होते तोवर हा प्रश्न उभाच राहिला नाही. एसटीडी बूथवर लाल आकडे पुढे सरकू लागले की माणूस मुद्द्याचे बोलून मोकळा व्हायचा. मोबाइल आले तेव्हा तर आलेल्या फोनलाही पैसे कापले जात. ते २००३ साली बंद झाले. २०१६ नंतर बोलणे पॅकमध्येच येऊ लागले आणि मीटरचा धाक गेला. बोलणे फुकट झाले म्हणून समोरच्याचा वेळही फुकट झाला, असा अर्थ आपण परस्पर काढून टाकला.

काही वडीलधारी म्हणतात, गावात असेच चालायचे, सुतार कुठे नांगराचे पैसे घ्यायचा? रोख घेत नव्हता हे खरे. पण सुगीला तो खळ्यावर यायचा आणि त्याचे बलुते मोजून न्यायचा. वर्षभराच्या कामाचा तो ठरलेला मोबदला होता. जातीला बांधलेली ती पद्धत पुन्हा यावी असे मी चुकूनही म्हणणार नाही. सांगायचे एवढेच, की आपण ‘रोख नव्हते’ एवढे लक्षात ठेवले आणि खळ्यावरचे धान्य सोयीस्कर विसरलो.

मोटार जळाली तर रिवायंडिंगवाल्याला फोन करून ‘कॉइल कशी भरायची ते सांग’ असे कुणी म्हणत नाही. पिकअपमध्ये टाकून मोटार दुकानात नेतो, कारण तांब्याची तार डोळ्यांना दिसते. कॉम्प्युटरवाल्याचे भांडवल दिसत नाही, ही त्याची अडचण.

एक उदाहरण घ्या. लिलाव चालू आहे, शेतकरी हिशेबपट्टीसाठी उभे आहेत, आणि व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर एकही साइट उघडत नाही. फोन फिरतात. एक म्हणतो नेट गेले, दुसरा म्हणतो व्हायरस, तिसरा दीडशहाणा म्हणतो फॉरमॅट मारा. जाणता माणूस मात्र एकच विचारतो: ‘खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?’ तारीख काही वर्षे मागची निघते. मदरबोर्डवर नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. तो संपला की मशीन बंद केल्यावर घड्याळ मागे पडते. साइटच्या सुरक्षेचे प्रमाणपत्र तारखेवर तपासले जाते, त्यामुळे मागच्या तारखेचे मशीन नव्या साइटवर विश्वासच ठेवत नाही. तारीख सुधारली की काम सुरू, आणि सेल बदलला की दुखणेच संपले. सेल किरकोळ किमतीचा आहे. पैसे आहेत ते त्या एका प्रश्नाचे, आणि तो प्रश्न शिकायला बरीच मशीने उघडावी लागलेली असतात.

फॉरमॅट सांगणाऱ्याने काय केले असते? पाच वर्षांचा हिशेब पुसला असता. मग गावभर बोलबाला झाला असता, की अमक्याने सांगितले म्हणून आमचे वाटोळे झाले. न बघता सांगायचे, पैसे घ्यायचे नाहीत आणि खापर मात्र डोक्यावर, असा हा धंदा आहे. फोन करणाऱ्याच्याही पदरात काही पडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि विनामोबदला दिलेली सेवा त्यातून वगळली आहे. म्हणजे फुकट सल्ल्याने नुकसान झाले तर ग्राहक आयोगात दाद मागता येत नाही. पन्नास-शंभर रुपये देऊन पावती घ्या, मग तुम्ही ग्राहक.

तुम्ही म्हणाल, कृषी सेवा केंद्रवाला देतोच की फुकट सल्ला. देतो, पण सल्ल्याबरोबर दोन बाटल्याही पिशवीत टाकतो. सल्ल्याचे पैसे त्या बाटल्यांत असतात. आपल्याच भागातला द्राक्ष-डाळिंबवाला सल्लागाराला व्हिजिटचे पैसे मुकाट मोजतो, कारण औषध न विकणाऱ्याचा सल्ला निर्मळ असतो हे त्याला अनुभवाने कळले आहे. सरकारचे किसान कॉल सेंटर २००४ पासून १८००-१८०-१५५१ या नंबरावर शेतकऱ्याला फुकट सल्ला देते, पण तिथे फोन उचलणाऱ्याचा पगार सरकारी तिजोरीतून होतो. फोनवरचे काम हे काम नव्हे, असे सरकारही समजत नाही. २०२० साली डॉक्टरांना फोनवरून तपासण्याचे नियम झाले, त्यातही योग्य फी घेण्याची मुभा ठेवली आहे.

मग दुकानदाराने अनोळखी फोन उचलूच नये का? माझ्या मते उचलावा, आणि त्याला कारण आहे. याने झिडकारले की तो माणूस इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो, आणि तिथे चोर बसलेले आहेत. पडद्यावर भोंगा वाजतो, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, या नंबरावर फोन करा.’ मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हे कंपनीने स्वतः सांगितले आहे. पलीकडचा माणूस गोड बोलतो, तुमचा पडदा त्याला दिसेल असे ॲप टाकायला लावतो, आणि खाते साफ होते. अशा ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच इशारा दिला होता. असे काही घडलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन लावा. सांगायचा मुद्दा हा, की गावातला ओळखीचा मेकॅनिक वैतागून फोन बंद करून बसला, तर नुकसान त्याच्यापेक्षा आपलेच जास्त आहे.

तेव्हा दुकानदार मित्रांनो, आधी नाव-गाव विचारा आणि नंबर कुणी दिला तेही विचारा. निम्मे लोक इथेच नीट बोलायला लागतात. वायर, बटण, तारीख, बंद करून चालू करणे, एवढे दोन मिनिटांत सांगून टाका. त्याचे पैसे मागू नयेत, शोभत नाही. त्यापुढे मात्र एकच वाक्य: ‘भाऊ, फोनवर दिसत नाही, मशीन घेऊन या, बघायचे इतके पडतील.’ आकडा आधी सांगायचा. आपण मराठी माणसे इथेच अडखळतो, ‘बघू, द्या समजून’ म्हणतो आणि नंतर कुढत बसतो. परक्या माणसाला फोनवर फॉरमॅट किंवा डिलीट सांगूच नका. पासवर्ड, ओटीपी तो आपणहून सांगू लागला तरी ऐकू नका. जिल्हा परिषदेची शाळा असेल, एकटी म्हातारी माणसे असतील, तर जरूर फुकट करा. पण ते तुम्ही ठरवायचे, फोनवर दमदाटी करणाऱ्याने नाही. आणि जेवणाच्या वेळी फोन बाजूला ठेवला तर कुणाचा कांदा सडत नाही.

शासनाच्या सेवा केंद्रात दरपत्रक भिंतीवर लावावे लागते, आणि लोक ते वाचून पैसे देतात. दुरुस्तीवाल्यांनी तसाच एक फलक आपखुशीने लावायला काय हरकत आहे? त्यात ‘फोनवर दोन मिनिटे मोफत’ ही ओळ मोठ्या अक्षरात असू द्या. एकट्याने लावला तर गिऱ्हाईक शेजारी जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणून नामपुरात जे कुणी या धंद्यात आहेत त्यांनी एकदा चहाला बसून बघण्याचा एकच दर ठरवावा. उन्हाळ कांद्याची आवक सुरू होण्याआधी बसलात तर बरे, कारण मार्चनंतर व्यापाऱ्यांची मशीने कांद्याच्या पापुद्र्यांच्या धुळीने गुदमरायला लागतात आणि तुम्हाला बसायला फुरसत मिळत नाही.