केवळ कमरपट्टा पुरेसा नाही

अमेरिकेतील शिकारी झाडावरील मचाणावर बसताना पूर्वी केवळ कमरपट्टा बांधीत. तोल गेल्यास तोच पट्टा छातीपर्यंत सरकून श्वास कोंडीत असे. म्हणून तेथे खांदे, छाती व मांड्या पेलणारा हार्नेस आला. चढता-उतरतानाही मनुष्य पडतो, हे ओळखून जमिनीपासून मचाणापर्यंत सुरक्षा-दोर बांधण्याचा आग्रह धरला गेला.

हा धडा आपल्या नारळ-सुपारीच्या बागांनाही लागू आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण दिले; विम्याचीही सोय केली. परंतु विमा अपघातानंतरचा आधार आहे. हार्नेस व दोर यांविना चढण्याच्या यंत्रास अनुदान देऊ नये आणि बागायतदारांनीही पाडेल्यास माडावर चढवू नये.