विश्लेषण : तंबाखूला हात न लावताही घशाचा कर्करोग कसा होतो?

घशाचा कर्करोग म्हटले की गुटखा, बिडी, सिगारेट आठवते. ते चुकीचे नाही. भारतात आजही तंबाखू हेच मोठे कारण आहे. मात्र कोणतेही व्यसन नसलेल्यांनाही हा आजार होतो. त्यामागे अनेकदा ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही असतो. अमेरिकेत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के प्रकरणांचा संबंध या विषाणूशी जोडला जातो.

पेशीचा पहारेकरी

पेशीतील डीएनए बिघडला की ‘पी५३’ हे प्रथिन तिचे विभाजन रोखते. दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरायला भाग पाडते. तंबाखूतील रसायने हे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकातच बदल घडवतात आणि पहारा उठतो.

विषाणूची रीत वेगळी

‘एचपीव्ही-१६’ हा प्रकार जनुकाला सहसा धक्का लावत नाही. त्याचे ‘ई६’ प्रथिन तयार झालेले पी५३ नष्ट करते, तर ‘ई७’ हे ‘आरबी’ नावाचा दुसरा ब्रेक निकामी करते. २०१५ मध्ये डोके व मानेच्या २७९ गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही हाच फरक दिसला : धूम्रपानाशी संबंधित गाठींत पी५३चे जनुक जवळपास सर्वत्र बिघडलेले, तर विषाणूजन्य गाठींत बदल वेगळ्याच जनुकांत.

संसर्ग म्हणजे कर्करोग का?

नाही. घशातील एचपीव्ही प्रामुख्याने मुखमैथुनातून पसरतो. बहुतेकांची प्रतिकारशक्ती तो एक-दोन वर्षांत संपवते. थोड्या जणांमध्ये तो टिकून राहतो आणि अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. विषाणूजन्य गाठी उपचारांना तुलनेने चांगला प्रतिसाद देतात. म्हणून बायोप्सीत ‘पी१६’ चाचणी महत्त्वाची ठरते.

लस फक्त मुलींची?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही देशी लस एचपीव्ही-१६पासूनही संरक्षण देते. पण २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पातील घोषणा ९ ते १४ वयोगटातील मुलींपुरतीच होती. ‘गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस’ अशी ओळख झाल्याने मुलगे चर्चेतूनच बाहेर पडले. विषाणू मात्र मुलगा-मुलगी पाहत नाही. मुलींना प्राधान्य योग्यच. पण मुलग्यांच्या लसीकरणाचा विचारही आता सुरू व्हायला हवा. लस घेतली म्हणून तंबाखू सुरक्षित होत नाही, हेही तितकेच खरे.

ही लक्षणे अंगावर काढू नका

• मानेत न दुखणारी गाठ
• तीन आठवड्यांहून अधिक काळ घसा दुखणे किंवा आवाज बसणे
• गिळताना त्रास, एकाच कानात सतत दुखणे

‘मला व्यसन नाही’ म्हणून तपासणी टाळू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना वेळीच दाखवा.