जुन्या येझदीचे नवे सोंग

आमच्या घराण्यातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा वार्षिक अंकासाठी साहित्यावर काही लिहावे, ही प्राध्यापकांची अपेक्षा रास्तच. पण मी पडलो गॅरेजवाल्याचा मुलगा; हाताचे ग्रीस धुऊन तासाला बसणारा. म्हणून तिथलाच प्रश्न मांडतो : जुन्या मोटारसायकलीला भलतेच भाग जोडून तिचे रूप पालटावे काय?

अण्णांची येझदी माझ्याहून वयाने मोठी. तिचा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. माझा आतेभाऊ ती चांगली किंमत देऊन घ्यायला तयार आहे. मग तिला रुंद टायर, छाटलेले मडगार्ड आणि आखूड, कडाडणारे सायलेन्सर बसवणार म्हणे!

मित्रहो, जुन्याला हातच लावू नये, अशा मताचा मी नाही. अण्णांनीच तिचे सहा व्होल्टचे वायरिंग काढून बारा व्होल्टचे केले. आता रात्री रस्ता दिसतो. पूर्वी दिवा लागला आहे की नाही, ते समोरून येणाऱ्याला विचारावे लागे!

पण सायलेन्सरचे तसे नाही. या टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरची भोके उघडतो, झाकतो. जळलेल्या धुरामागोमाग थोडे ताजे मिश्रणही बाहेर निसटते. सायलेन्सरमधून उलट येणारा दाब ते पुन्हा आत लोटतो. म्हणजे वरून नुसते नळकांडे दिसणारी ही वस्तू इंजिनाचाच अवयव आहे. ती मनाला येईल तशी कापली की आवाज वाढतो, चढावर ओढ मात्र राहत नाही. रुंद टायरसाठी तर मागची फ्रेमच रुंदावावी लागते, नाहीतर तो चेनला घासतो. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहेच. कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये सांगितले.

हे सारे मी अण्णांना ऐकवले आणि म्हटले, "गाडी देऊ नका." ते पाना पुसत म्हणाले, "गेल्या साली तुझी फी कशातून भरली, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होते. एका गिऱ्हाइकाच्या गाडीची फ्रेम कापून. तेव्हा वेल्डिंगला नळी धरून मीच बसलो होतो.

आतेभाऊ दिवाळीत येणार आहे.